पाटीवरची पाल आणि समोरचा सस्तन प्राणी

कासवाची आणि माझी गाठ कॉम्प्युटरने घातली. बाईंनी कुठलंसं बटण दाबलं, वर्गातली चाळीस माणसं दोन-दोन करून वेगवेगळ्या खोल्यांत फेकली गेली, आणि माझ्या पडद्यावर एकच काळा चौकोन उरला. त्यावर लिहिलं होतं— कासव.

"हॅलो," चौकोन म्हणाला. "तुम्ही खार?"

"हो. स्वखुशीने. आणि तुम्ही कासव?"

"नाइलाजाने. सिंह आधीच कुणीतरी पळवला होता."

तो हसला, आणि मी खुर्चीत उगाचच सरळ बसले. कॅमेरा बंद होता, तरी.

हा वर्ग होता आमच्यासारख्यांसाठी, म्हणजे ज्यांनी शास्त्र विषयाला लांबूनच नमस्कार केला होता त्यांच्यासाठी. पदवी भाषेची असो की नाटकाची, एक विषय शास्त्राचा घ्यावाच लागायचा. मी जीवशास्त्र घेतलं. आधीच्या वर्षीही घेतलं होतं, कॉलेजात जाऊन. तिथे पहिल्याच दिवशी ट्रेमधला बेडूक बघून मी अशी काही आडवी झाले की मलाच उचलून न्यावं लागलं. म्हणून या वेळी घरबसल्या, ऑनलाइन. एका शाळेने मला भाषेची शिक्षिका म्हणून घेतलं होतं, पण पदवी हातात असेल तरच. महिनाअखेरपर्यंत हा एक विषय सुटला नाही, तर नोकरी दुसऱ्या कुणाला जाणार होती. तसं त्यांनी स्वच्छ सांगितलं होतं.

आमचं बुजरेपण जावं म्हणून बाईंनी सगळ्यांना प्राण्यांची नावं घ्यायला लावली होती. नेटवर्क अडखळायचं, म्हणून कॅमेरे बंद. वर्गात सगळ्यात जास्त बोललं जाणारं वाक्य होतं, "तुमचा आवाज बंद आहे." आणि बाईंची एक खोड होती. जोड्यांचं काम चालू असलं की त्या न सांगता मधेच खोलीत डोकावायच्या, आणि न सांगताच बटण दाबून सगळ्यांना मोठ्या वर्गात परत ओढून घ्यायच्या, निम्मं वाक्य तोंडात असलं तरी.

त्या वर्गात मी रोज एकेक धक्का खात होते. माणूस हा प्राणी आहे, हे बाईंनी हजेरी घ्यावी इतक्या शांतपणे सांगितलं. आपल्या अंगात आपल्या पेशी जितक्या, जवळजवळ तितकेच जंतू राहतात, हे ऐकून मी दोन दिवस स्वतःकडे संशयाने बघत होते.

"म्हणजे आत्ता तुमच्याशी बोलतेय ते नक्की कोण?" मी कासवाला विचारलं.

"कोण का असेना, आवाज छान आहे त्यांचा."

असं काहीतरी बोलून जायचा आणि वर "चला, कांद्याची साल सोलली का?" म्हणून कामाला लागायचा. त्याला काय जातंय. इकडे माझ्या हातातला कांदा सुटून टेबलाखाली गेलेला असायचा.

मग आलं ते निरीक्षण. पास-नापास त्यावरच ठरणार होतं.

"तुमच्या जवळपास राहणारा एक प्राणी निवडा," बाई म्हणाल्या. "दोन आठवडे रोज बघा. दिसेल तेवढंच टिपा, मनाचं घालू नका. आणि प्राण्याला कळता कामा नये. त्याला कळलं की तो वेगळा वागायला लागतो. कळलं तर निरीक्षण बाद."

मी शेजारची मांजर धरली. तिसऱ्या दिवशी शेजारी घर बदलून गेले, मांजरीसकट. मी डोकं धरून बसले. आमच्या दादाचं चष्म्याचं दुकान आहे, आणि आम्ही दुकानाच्या वरच्या मजल्यावर राहतो. वहिनी काचा पुसत होती.

"रडतेस काय?" ती म्हणाली. "समोरचा आहे की. खातो, पितो, दोन पायांवर चालतो. तुझ्या बाईच म्हणाल्या ना माणूस प्राणी आहे म्हणून?"

वहिनी थट्टा करत होती. मी मात्र हादरून, चष्मा सावरत खिडकीकडे बघितलं.

समोरच्या खिडकीत एक तरुण शिंपी राहायला आला होता. नाटकांचे कपडे शिवायचा. खिडकीशी मशीन, आणि मशीनशेजारी एक लाकडी पुतळा, डोक्यासकट. कधी त्या पुतळ्याच्या अंगावर राजाचा झगा असायचा, कधी पोलिसाचा कोट. दादाच्या शोकेसमधली छोटी दुर्बीण मी गुपचूप वर आणली, खोलीतला दिवा मालवला, आणि अंधारात बसले. मला कुणी बघणं शक्यच नव्हतं.

पहिले तीन दिवस नोंदी सरळ होत्या. पूर्ण वाढलेला नर. बनियन मळकं. उभ्याउभ्याच तव्यातलं अंडं खातो. डोकं टेपने खाजवतो. चौथ्या दिवशी मी चाट पडले. प्राण्याने केस विंचरले होते. पाचव्या दिवशी इस्त्रीचा शर्ट, तोही घरात, कुणी येणार-जाणार नसताना. खिडकीत एक रोपाची कुंडी आली. अंडं बशीत घेऊन बसून खायला लागला. आणि मग तो पुतळ्याशी बोलायला लागला. रोज संध्याकाळी. आधी थोडं, मग थांबायचा, कानामागे हात फिरवायचा, मग पुन्हा थोडं. आवाज येत नव्हता, नुसते ओठ. एके दिवशी त्याने तारेचा चष्मा करून पुतळ्याला घातला आणि त्याच्यासमोर मान खाली घालून उभा राहिला.

नक्की कुणीतरी मुलगी होती. तिच्यासाठी चाललं होतं हे सगळं. आणि मला याचं वाईट वाटत होतं, हा आणखी एक धक्का. कारण कासवाचा आवाज ऐकला नाही तर मला चैन पडत नव्हतं, आणि समोरच्या खिडकीतला दिवा लागला नाही तरीही नाही. एकाच वेळी दोघं. मी अशी नव्हते हो. मी अगदी साधी मुलगी होते, बेडूक बघून पडणारी.

सादरीकरणाचा दिवस आला. संध्याकाळचा तास. बाईंनी जोड्या खोल्यांत पाठवल्या. एकाने सांगायचं, दुसऱ्याने प्रश्न विचारायचे, आणि शेवटी बाई ऐकून निकाल देणार.

"आधी मी सांगतो," कासव म्हणाला. "तुम्ही हसायचं नाही. माझा प्राणी पाल आहे."

"शी."

"शी काय? कष्टाळू बाई आहे ती. दिवे लागले की येते, दिव्याभोवतीचे किडे टिपते. माझ्या समोर रस्त्यापलीकडे एक दुकान आहे, त्याच्या पाटीवर राहते. पाटी मोठी गमतीची आहे. हिरव्या दिव्यांचा भलामोठा चष्मा. तर ही डाव्या काचेत—"

पुढचं मला ऐकू आलं नाही. हिरव्या दिव्यांचा चष्मा आमचा होता. माझ्या खिडकीच्या बरोब्बर खाली. मी मान वळवून समोर बघितलं. शिंपी मशीनशी बसला होता, कानात काहीतरी होतं, ओठ हलत होते. माझ्या कानात कासव म्हणत होता, "—आणि उजव्या काचेत कधीच जात नाही." ओठ थांबले. आवाज थांबला.

देवा, मी मनात म्हटलं. पृथ्वीवर एवढे प्राणी, आणि मला हाच सापडावा.

"खार? आहात ना? आता तुमचा."

"माझी... मांजर," मी म्हणाले. सुचलं ते एवढंच.

"अरे वा. सांगा."

"मांजर आहे. खाते. झोपते. झालं."

"फारच सविस्तर," खोलीत तिसरा आवाज आला. बाई डोकावल्या होत्या. "खार, दोन आठवड्यांत एवढंच? काही बदल झाला का तिच्या वागण्यात?"

"झाला ना. चौथ्या दिवसापासून तिने केस विंचरायला सुरुवात केली, आणि पाचव्या दिवशी शर्टाला इस्त्री—"

मी थांबले.

"मांजरीने," बाई म्हणाल्या.

आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. खोटं बोलले तर नापास, खरं बोलले तर तोंड दाखवायला जागा नाही. नोकरीच्या शाळेत मला दाखवलेला वर्ग डोळ्यांसमोर आला, खिडकीशेजारचं शिक्षिकेचं टेबल. मी डोळे मिटले आणि सांगून टाकलं. मांजर गेली, प्राणी माणूस आहे, समोरच्या खिडकीतला. मळकं बनियन सांगितलं, तव्यातलं अंडं, कुंडी, पुतळा, तारेचा चष्मा. बारीकसारीक सगळं. माझा आवाज शेवटी शेवटी इतका खाली गेला की मलाच जेमतेम ऐकू येत होता.

"प्रश्न विचारा, कासव," बाई म्हणाल्या.

मग तो म्हणाला, "हा प्राणी... शर्ट का घालायला लागला, असं तुम्हाला वाटतं?"

"मनाचं घालायचं नाही असं सांगितलंय."

"तरी."

"कुणीतरी आवडत असेल त्याला. माझा काय संबंध?"

"खार, तुम्ही खोलीतला दिवा मालवून बसायचात?"

"हो. म्हणून तर त्याला कळलं नाही."

"पाटीचा दिवा कोण मालवणार होतं?"

मी खाली बघितलं. माझे हात हिरवे होते. दुर्बीण हिरवी होती. इतके दिवस मी अंधारात बसलेय असं समजत होते, आणि रस्त्यावरच्या कुठल्याही माणसाला मान वर केली की दिसत होते, हिरवीगार, हातात दुर्बीण.

"तुमच्या त्या चौथ्या दिवशी मी पाल शोधत होतो," तो हळूच म्हणाला. "आणि वर तुम्ही दिसलात. म्हणजे त्या खिडकीतल्या तुम्हीच खार, हे मला आत्ता कळतंय. मला वाटलं समोरची चष्मेवाली मुलगी वेगळी आणि खार वेगळी. दोघींपायी माझी झोप उडाली होती. मी स्वतःला काय काय बोललो असेन."

माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. हसू येत होतं म्हणून, आणि एवढं सगळं झाल्यावर विषय गेला म्हणूनही.

"बाई," मी म्हणाले, "त्याला कळलं होतं. म्हणजे निरीक्षण बाद."

"नियम तोच आहे," बाई म्हणाल्या. "पण आपण बघतोय हे कळल्यावर प्राणी कसा बदलतो, हे तुम्ही दिवसागणिक टिपलंय. सगळ्या वर्गात हे कुणाला जमलं नाही. निरीक्षणाचा विषय बदलून आज लिहून पाठवा, पास आहात. पुढच्या वेळी माणूस असेल तर आधी त्याची परवानगी घ्या. आणि दिवा बघून बसा."

त्या गेल्या. खोलीत आम्ही दोघंच उरलो.

"खिडकीत येता?" कासव म्हणाला.

मी लॅपटॉप टेबलावर ठेवला आणि उठले. कानातले छोटे इअरफोन तसेच होते. खिडकी उघडली. हवा गार होती, खालून दोन सायकली घंटी वाजवत गेल्या. तो समोर उभा होता, विंचरलेल्या केसांनी. त्याने फोनवर काहीतरी दाबलं, तोंड बाजूला करून घसा खाकरला, आणि माझ्याकडे बघून बोलायला लागला.

ओठ हलत होते. कानात काहीच येत नव्हतं. घसा खाकरताना आवाज बंद केला आणि परत चालू करायला विसरला, हे मला कळलं. रोज वर्गात सगळे सांगतात ते सांगायला मी तोंड उघडलं, आणि थांबले. तो थोडं बोलला. मग थांबला. कानामागे हात फिरवला. मग पुन्हा थोडं. हे तर मी रोज बघितलं होतं. पुतळ्यासमोर जे चाललं होतं, ते हेच. एवढे दिवस मी ज्या मुलीवर जळत होते ती मुलगी मीच होते.

त्याचं बोलून झालं. तो माझ्याकडे बघत राहिला, घाबरून.

"कासव," मी म्हणाले, "तुमचा आवाज बंद आहे."

त्याने कपाळावर हात मारून घेतला.

"राहू दे," मी म्हणाले. "कळलं मला. रोज बघतेय, पाठ झालंय. मलाही तू आवडतोस. खूप. आवाजही, आणि मळक्या बनियनमधलाही. ऐकलंस?"

तो हलला नाही. नुसता हातातल्या फोनकडे बघत राहिला, आणि त्याचा चेहरा आमच्या पाटीपेक्षा वेगळ्याच रंगाचा, लालबुंद झाला.

"खार," माझ्या कानात बाई म्हणाल्या, "तुमचा मात्र चालू आहे."

मी मागे वळले. पडद्यावर काळे चौकोन होते. सिंह, हत्ती, घुबड, सगळे. चाळीसच्या चाळीस. बाईंनी बटण कधी दाबलं होतं कुणास ठाऊक. मी तिथेच जमिनीवर बसले. त्या बेडकानंतर ही माझी दुसरी खेप. मग एकेका चौकोनातून टाळ्या यायला लागल्या, आणि हत्ती म्हणाला, "आम्ही ऐकलं हो. तो कुठे आहे?"

मी खिडकीची चौकट धरून उठले आणि बाहेर बघितलं. समोरच्या खिडकीत फक्त पुतळा होता, तारेचा चष्मा घातलेला. कासव रस्ता ओलांडत होता, पायात दोन वेगवेगळ्या चपला. मग खाली दुकानाचं दार वाजलं, आणि दादाचा आवाज आला.

"या, बसा. लांबचं दिसत नाही की जवळचं?"

"दिसतं सगळं," तो धापा टाकत म्हणाला. "मला वर जायचंय."