कोऱ्या कागदावरचा पंजा

मंजुषाचा भुताखेतांवर काडीचा विश्वास नव्हता. अमरावतीच्या एका ज्युनिअर कॉलेजात ती रसायनशास्त्र शिकवायची, आणि वर्गात कोणी लिंबू-मिरचीचं नाव काढलं तर आधी त्या लिंबातलं आम्ल मोजायला लावायची. पोरं हसायची, पण मोजायची.

परीक्षा आटोपल्या होत्या. ऊन इतकं की प्रयोगशाळेच्या ओट्यावर हात ठेवला तरी चटका बसावा. जाता जाता पोरांना काही गंमत दाखवावी म्हणून तिनं रुंद तोंडाच्या बरणीत आयोडीनचे खडे टाकले आणि बरणी गरम पाण्यात ठेवली. जांभळा धूर भरला. कागदावर बोट दाबायचं, कागद बरणीत सोडायचा. बोटाचा तेलकटपणा धूर धरून ठेवतो आणि ठसा तपकिरी उमटतो. कागद बाहेर काढला की आयोडीन हवेत उडून जातं, त्याच्यासोबत ठसाही. पोरांनी एकमेकांचे ठसे ओळखता ओळखता नुसता दंगा मांडला.

कोरा कागद दाखवल्याशिवाय प्रयोग पुरा झाला असं मंजुषा कधी मानत नसे. हात न लावलेल्या कागदावर काही येत नाही, हेही डोळ्यांनी दिसलं पाहिजे. तिनं नवं पुडकं फोडलं, मधला कागद चिमट्यानं ओढला आणि बरणीत सोडला.

कागदावर हळूहळू अख्खा पंजा उमटला.

"मॅडम, तुमी तं हातच नाही लावला," पुढं उभी असलेली वर्षाली म्हणाली. "मंग हा पंजा कोनाचा व्हय?"

"दुकानदाराचा असेल," मंजुषा म्हणाली. पण तिची नजर त्या पंज्यावरून हलेना. अंगठ्याशेजारचं बोट पेरभर कमी होतं.

असा हात तिनं एकच पाहिला होता. आशाताईचं ते पेर लहानपणी कडबाकुट्टीच्या यंत्रात गेलं होतं. आई लवकर वारली, तेव्हा याच हातानं मंजुषाला न्हाऊमाखू घातलं. पुढं ताईचा नवरा गेला आणि ती मंजुषाकडेच राहायला आली. योगेश, मंजुषाचा नवरा, अकोल्याला नोकरीला होता, शनिवारी यायचा. त्यामुळे सहा वर्षांच्या खुशीला खरं वाढवलं ते या मोठ्या आईनंच.

मागच्या उन्हाळ्यात गच्चीवर कुरडया घालता घालता ताई म्हणाली होती, "खुशीले माह्यासंग धाड. आठ दिवस गावी, चांदूर बाजारले राहून येतो."

"या साली नाही ताई, तिचे पोहण्याचे क्लास आहेत. पुढच्या साली ने."

"नक्की? पलटशीन तं नाही ना?"

"नाही पलटत. ने."

कुरडया वाळायच्या आतच ताई तापानं गेली. दिवस झाल्यावर सुंदराआत्यानं मंजुषाला बजावलं होतं, "तिच्या हातच्या कुरडया सालाच्या आत खाऊन टाक वं पोरी. गेल्या मानसाच्या हातचं घरात ठेवत नसतात." मंजुषानं हो म्हटलं आणि शेवटच्या मूठभर कुरडया डब्यात तशाच ठेवल्या. तिच्यानं त्या संपवल्या जाईनात. त्या संपल्या की ताई खरोखरच संपली, असं तिला वाटायचं.

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत कोणी नसताना तिनं पुन्हा कोरा कागद सोडला. पुन्हा तोच पंजा. ती मोठ्यानं रडली. शास्त्रबिस्त्र सगळं ओट्यावर राहिलं. बघता बघता ठसा फिका पडला आणि तिचा जीव कासावीस झाला.

तिसऱ्या दिवशी पंज्याची बोटं अर्धवट मिटलेली होती. काहीतरी धरल्यासारखी.

हा ठसा जाऊ द्यायचा नाही, असं तिनं ठरवलं. आयोडीनच्या ठशावर स्टार्चचं पाणी फवारलं की तो निळा होऊन टिकतो, हे तिनंच पोरांना शिकवलं होतं. कुरडई म्हणजे गव्हाचा चीक, निव्वळ स्टार्च. ताईच्या हातची कुरडई तिनं उकळून पातळ केली, गाळली आणि कागदावर फवारली. पंजा शाईसारखा गडद निळा झाला. पुसट होईना.

तिनं तो फ्रेममध्ये घातला आणि घरी बैठकीच्या भिंतीवर लावला. खुशीला काही सांगितलं नाही. त्या रात्री वर्षभरात पहिल्यांदा तिला गाढ झोप लागली.

सकाळी खुशी कपाटासमोर बसून फ्रॉकांच्या घड्या घालत होती.

"काय करून राहिली?"

"बॅग भरून राहिली. चांदूर बाजारले जायचं ना."

"कोण म्हणालं?"

खुशीनं भिंतीकडे पाहिलं आणि पुन्हा घडी घालायला लागली.

मंजुषानं बॅग रिकामी केली, वर ठेवून दिली. पोर आहे, मागच्या वर्षीचं बोलणं ऐकलं असेल, असं मनाला समजावलं. दुपारी फाटक वाजलं. ती धावत बाहेर आली तर खुशी फाटकाबाहेर गुडघ्यांवर पडलेली. उजवा हात पुढं ताणलेला होता. कोपर खरचटलं होतं.

"अशी कशी पडलीस?"

"मोठी आई भरभर चालते," खुशी म्हणाली. रडत नव्हती.

मंजुषानं तिला उचलून आत आणलं, कडी लावली. कापसावर जखमेचं तपकिरी औषध घेतलं. तेही आयोडीनच. घाईत ते सांडलं, कोपरावरून मनगटापर्यंत ओघळ गेला.

मनगटावर तो निळा झाला.

एक बोट. मग दुसरं. मनगटाला वेढा घातलेली बोटं एकामागून एक उमटत गेली. त्यातलं एक पेरभर कमी.

तिनं साबण लावला. घासलं. निळा रंग जाईना.

"घासू नको ना आई. तिनं हात सोडला नाही अजून."

मंजुषानं भिंतीकडे पाहिलं. फ्रेममधला कागद पांढरा स्वच्छ होता.

"ताई," ती म्हणाली. "ताई, सोड तिले. मी हात जोडतो."

खुशीनं कोणाचं तरी ऐकल्यासारखी मान कलती केली.

"मोठी आई म्हनते, पलटू नको."

मंजुषानं लेकीचा हात दोन्ही हातांत घट्ट धरला. निळ्या बोटांच्या कडेची कातडी, कोणी आवळावी तशी, हळूहळू पांढरी पडत चालली होती.