खाणीच्या बाजूचा उतार

“हे दगड आहेत की शेंगदाणे?”

मी ओरडले, तेव्हा तो कोण हे मला ठाऊक नव्हतं. ट्रकवरून उडी मारून तो समोर आला. भुवयांवरसुद्धा धूळ.

“सोलायला आलात का, बाई?”

“पुराचा वेग काढून या बांधाचा आराखडा मी केलाय. खाणमालक कुठे आहेत?”

“तुमच्यासमोर. चालू ठेवा... छान ओरडता.”

असा राग आला! नदी आणि त्याची खडीची खाण यांच्यात एवढा एकच मातीचा बांध. पूर आला की पाणी त्यावरून खाणीत कोसळणार, आणि खाण जितकी रिकामी तितका बांधाच्या खाणीकडच्या उतारावर वेग जास्त. बांध खचला तर नदी खाणीतून थेट पलीकडच्या वस्तीत. तिथे त्याची आत्या राहायची.

त्या उतारावर बसवायला मोठे दगड त्याने आणले. मग दर आठवड्याला काहीतरी शंका काढून माझ्या ऑफिसात यायचा, टेबलाच्या कडेला टेकायचा, मुद्दाम चुकीचं बोलायचा. मी चिडायचे. तो हसायचा. तो आला नाही त्या आठवड्यात मात्र मी विनाकारण सगळ्यांवर खेकसले.

त्या दुपारी वरच्या भागात धो धो पाऊस सुरू झाल्याची खबर आली. मी त्याला फोन केला.

“खाणीत पाणी किती आहे?”

“पाणी? तळ कोरडा ठणठणीत. महिनाभर पंप चालू आहेत.”

मी वही पुढे ओढली. खाण अर्धी भरलेली राहील असं त्यानेच कळवलं होतं. मी तेच धरून सगळं गणित केलं होतं. कोरडी खाण धरून पुन्हा मांडलं, तर उतारावरचा वेग जवळजवळ दुप्पट. त्यात ते मोठे दगडही वाहून गेले असते.

“पंप बंद कर! नदीकडची झडप उघड, पाणी आत घे. आत्ता!”

“वेड लागलंय? सगळं काम बुडेल!”

“बुडू दे! काम बुडेल की आत्याचं घर, ठरव!”

त्याने फोन आपटला. मी पुन्हा लावला, त्याने उचलला नाही. पुन्हा... नाही.

मी पोचले तेव्हा संध्याकाळ होत होती. नदी बांधावरून पलीकडे उतरत होती — पण कोसळत नव्हती. खाण काठाच्या जरा खालपर्यंत गढूळ पाण्याने भरलेली. पाणी पाण्यात मिसळत होतं, बस्स. उतारावरचा एकही दगड हलला नव्हता.

तो चिखलाने माखलेला उभा होता.

“झालं समाधान? माझा महिना बुडाला.”

“खोटी पातळी कळवणाऱ्याने बोलू नये!”

“चुकलं.” मग हळूच, “फोनवर तुझा आवाज कापत होता... म्हणून ऐकलं.”

“म्हणून? आकडे बरोबर होते म्हणून ऐकायचं, मूर्खा!”

“बरं. आकड्यांसाठी झडप उघडली. आता तुझ्यासाठी काय करू?”

“फोन उचलत जा!” मी ओरडलेच. “दुपारपासून जीव टांगणीला लागलाय माझा. कळतंय का तुला —”

कळलं होतं. त्याने माझा हात धरला, चिखलासकट.

मी अजून भयंकर चिडलेली होते. हात मात्र सोडवून घेतला नाही.