पाहुण्यांपुरत्या गोळ्या

"अहो, परवा मले पाहायले पाहुणे येऊन राह्यले! द्या नं फोडांच्या पाच गोळ्या..."

पुष्पांजलीनं ओढणी गालावरच्या फोडांवर ओढली. मेहकरच्या त्या मेडिकलमध्ये आज नेहमीचे काका नव्हते, त्यांचा मुलगा होता. आणि मेला दिसायला बरा होता, हीच तर पंचाईत!

"चिठ्ठीशिवाय नाही," सौमित्र म्हणाला.

"काऊन? तुमचे बाबा तर देतात."

"त्यावरूनच भांडलो त्यांच्याशी. याआधी कितीदा घेतल्या?"

"तीनदा. पाहुणे यायचे म्हटलं की पाच दिवस घ्यायच्या, गेले की बंद. आई म्हणते, कायले उगा औषध खायचं?"

"अन् दर वेळी गुण कमी...?"

ती चपापली. याला कसं कळलं?

"अर्धा मार खाल्लेले जंतू निर्ढावतात," तो म्हणाला. "मग त्या औषधाले भीक घालत नाहीत. त्वचेच्या डॉक्टरले दाखवा. तीन महिने लागतील."

"अन् परवा?"

"परवा असंच बसा. चेहरा काही वाईट नाही." बोलून गेला, आणि त्याचेच कान लाल झाले.

गोळ्या आणल्या नाहीत म्हणून घरी जानेफळला आईनं आकाशपाताळ एक केलं. तरी पुष्पांजली पावडरही न लावता पोहे घेऊन गेली. पाहुणे "कळवतो" म्हणाले. कळवलं नाहीच! ती पोटभर रडली. पण पाहुण्यांपुरती गोळी आता घ्यायची नाही म्हणजे नाही, हे तिनं ठरवून टाकलं.

डॉक्टरांनी फोडातला पू तपासला. जुनी गोळी त्या जंतूंवर चालतच नव्हती. त्यांनी वेगळं मलम लिहून दिलं. दर पंधरवड्याला ती चिठ्ठी घेऊन त्याच मेडिकलमध्ये जाऊ लागली. सुरुवातीला कातडी सोलवटली, आग झाली.

"सोडून देते मी हे!"

"टिका हो... मी आहे नं," सौमित्र पटकन म्हणाला, आणि उगाच खोके लावत बसला. त्या दिवशी परतताना एसटीत ती आपली आपणच हसत होती.

तीन महिन्यांनी तिनं रिकामी ट्यूब त्याच्यापुढं ठेवली. ओढणी खांद्यावरच होती. गालावर दोन डाग उरले होते, राहीनात का!

"औषध संपलं. आता यायले कारण नाही."

"हाव..." त्याचा चेहरा पडला.

"रविवारी घरी या. मले पाहायले."

"मी? तीन महिन्यांपासून पाहूनच तर राह्यलो..."

"म्हणूनच म्हणते," पुष्पांजली त्याच्या डोळ्यांत बघत म्हणाली, "अर्धवट सोडायचं नसते. आईले संगं घेऊन या."