उभ्या विमानाचं उतरणं

विश्वास ठेवायचा की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. मी पदरचं काही घातलेलं नाही. माझ्या साडूनं सांगितलं तसंच लिहितोय. त्याला साधी थाप धड मारता येत नाही, तो एवढी गोष्ट कुठून रचणार?

आणि रात्र नव्हती. भर दुपार होती. आभाळ भरलेलं, वारा पूर्ण पडलेला.

साडू छोट्या विमानांतली जुनी यंत्रं दुरुस्त करतो. उंची दाखवणारं, वेग दाखवणारं, विमान कलतंय का ते दाखवणारं. गोल काचा आणि आत काटे. विमानतळावर सगळे त्याला 'काटेवाले काका' म्हणतात.

त्या दुपारी तो विमानं ठेवायच्या हँगरमध्ये एका दोन सीटच्या म्हाताऱ्या विमानात बसला होता. उजव्या सीटवर.

डावी सीट विमानाच्या मालकांची. ते याच सीटवर गेले होते. धावपट्टीच्या तोंडाशी, इंजिन चालू असताना छातीत कळ आली. विमान जागचं हललंही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांची मुलगी हे विमान एकटी घेऊन दुसऱ्या गावी जाणार होती. साडूनं 'ठीक आहे' म्हटलं तरच.

ती चहा घेऊन आली.

"काका, तुमचं आणि या विमानाचं वय सारखंच ना हो?"

"विमान मोठं आहे माझ्याहून. म्हणून कुरकुरतं. मी कधी कुरकुरतो का?"

"काकूंना विचारून सांगते."

हसत हसत ती कप घेऊन बाहेर गेली.

साडूनं उंचीचं यंत्र जागेवर बसवलं होतं. मागची नळी जोडली होती. शेवटचा स्क्रू आवळला. इंजिन बंद. बॅटरी तर काढून बाकावर ठेवलेली.

तेवढ्यात...

बारीक आवाज आला. भिंगरी फिरावी तसा.

कलणं दाखवणाऱ्या यंत्रात खरंच एक भिंगरी असते. इंजिन चालू झालं की ती फिरते. बंद असलं की ते यंत्र मान टाकून पडतं.

त्या यंत्रानं... हळूच मान वर केली.

मग वेगाचा काटा हलला.

मग उंचीचा. सरसर वर गेला. थांबला. आणि उतरायला लागला.

विमान जमिनीवर उभं. चाकांखाली ठोकळे.

साडूला वाटलं, आपलंच काही चुकलं असणार. त्यानं पॅनेलखाली हात घातला आणि उंचीच्या यंत्राची नळी उपसून काढली. नळी हातात आली.

काटा उतरतच होता.

शेजारच्या सीटचं रेक्झिन... चर्रकन दबलं.

साडूनं तिकडे पाहिलं नाही. पाहवलंच नाही. दार हाताशी होतं, पण ते उघडायचंही सुचलं नाही.

टक... टक.

उंचीच्या यंत्राच्या काचेवर कुणीतरी टिचकी मारली. काचेवरच्या धुळीत बोटाएवढा ठिपका उमटला.

जुना काटा अडकला की वैमानिक अशी टिचकी मारतात. पण मालक मारत नसत. साडूनंच त्यांना कित्येक वर्षांपूर्वी दटावलं होतं, "साहेब, काटा अडकला तर मला सांगा, काचेला मारू नका." तेव्हापासून त्यांनी काचेला बोट लावलं नव्हतं.

मग हे कोण उतरत होतं?

आणि त्याच क्षणी त्याला स्वतःची चूक दिसली.

उंचीचं यंत्र बसवलं की त्या दिवसाचा हवेचा दाब बटण फिरवून लावायचा असतो. गप्पांच्या नादात ते राहून गेलं होतं. आभाळ भरलेलं, दाब कमी. म्हणजे काटा खऱ्याहून जास्त उंची सांगत होता. जो कोणी या काट्याच्या भरवशावर खाली येत होता, तो अजून हवेत आहोत असं समजून जमिनीवर आपटणार होता.

आपटू दे, असं साडूच्या मनात आलं. खरंच आलं.

पण आपटलं, तर आत तोही बसला होता.

त्यानं बटण फिरवलं. काटा झपकन खाली सरकला. वेग कमी झाला. कलण्याच्या यंत्रात विमानाचं नाक किंचित वर.

धप्प.

उभं विमान दणकलं. ठोकळे करकरले.

मग सगळे काटे शून्यावर. भिंगरी कण्हत कण्हत थांबली.

मुलगी धावत आली. "काका! विमान का उसळलं?"

साडूनं तिला सगळं सांगितलं. टिचकी सोडून.

ती तिथेच खाली बसली. डोळे भरले. "बाबा होते. ते वरच राहिले होते, काका. तुम्ही त्यांना उतरवलंत."

"पोरी, हे विमान नेऊ नकोस."

"आता तर नेणारच. यंत्रात काही दोष आहे?"

दोष नव्हता. त्यानं परत परत तपासलं. एकही काटा चुकत नव्हता.

टिचकीचं सांगावं, असं त्याच्या ओठांवर आलं होतं. पण ती त्या डाव्या सीटवरून हात फिरवत होती. घरातलं माणूस गेलं की ते कसंही परत यावं वाटतं. कोण आलंय, हे आपण विचारत नाही. मला ठाऊक आहे.

तो 'ठीक आहे' म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिचा फोन आला.

"पोचले, काका! काटे एकदम चोख. फक्त एक गंमत झाली. विमान उठेचना. टाकी अर्धी, मी एकटी, तरी धावपट्टी संपत आली. दोघं बसल्यावर लागते ना, तेवढी लागली."

साडूनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"हॅलो? काका?"

"परत कधी उडणार आहेस?"

"उद्या. आता रोजच."

याला वर्ष होऊन गेलं. ती रोज उडते. माझी बायको गेल्यापासून साडू संध्याकाळी माझ्याकडे येऊन बसतो आणि इथूनच तिला फोन लावतो. रिंग वाजत राहते.

आजवर तिनं उचललाय.