पहिले दहा छर्रे

राजूरची शालू रायफलचा लांबट डबा घेऊन इंद्रायणीच्या जालन्यातल्या ऑफिसात आली ती रागातच.

"ताई, माझी एअर रायफल कोणीतरी बिघडवून राह्यलंय. रविवारी विभागाची निवड आहे. हे प्रितमचंच काम. माझ्याच गटात खेळते ती. मी सगळ्यांसमोर बोलले तिला, सरांनी संघातून नाव काढलं तिचं. तुम्ही फक्त सिद्ध करा."

"होतं काय नेमकं?" खाजगी तपास करणाऱ्या इंद्रायणीने विचारलं.

"शुक्रवारी अन् सोमवारी पहिले दहा छर्रे कुठंही जातात. एक वर, एक डावीकडं. मंग आपोआप बराबर. बाकीचे दिवस बिलकुल नीट."

इंद्रायणीचा सहकारी राधेश्याम याने वहीत प्रितमचं नाव लिहिलं.

प्रितम नेमबाजीच्या रेंजच्या बाहेर बसली होती. "रायफली ठेवायच्या कपाटाची चावी माझ्याकडं, म्हणून मीच चोर," ती शांतपणे म्हणाली.

प्रशिक्षक देवानंद म्हणाले, "तिनं नळीवरची नेमाची साईट फिरवली असंल. तशी शालू गुरुवारी अन् रविवारी रायफल घरी नेते, नेम धरायच्या सरावाला. बाकी वेळ ती इथंच, कपाटात."

राधेश्यामने प्रितमचं नाव खोडलं, देवानंदचं लिहिलं, मग तेही खोडलं.

गुरुवारी संध्याकाळी तो आणि इंद्रायणी राजूरला शालूच्या घरी गेले. शालूचे वडील धर्मराज यांनी चहा पाजला. "पंचवीस वर्षं बँकेच्या दारात दुनळी बंदूक घेऊन उभा राह्यलो," ते म्हणाले. "रोज नळीत तेल. कधी गंज न्हाई."

राधेश्यामला वाटलं, फेरी वाया गेली.

शुक्रवारी सकाळी इंद्रायणीने धर्मराजांनाही रेंजवर बोलावलं. एकही छर्रा उडण्याआधी तिने शालूच्या रायफलच्या नळीतून कोरडा फडका ओढला. तो पिवळा, तेलकट निघाला.

"साईट फिरवली असती, तर सगळे छर्रे एकाच बाजूला गेले असते आणि आपोआप सुधारले नसते," ती म्हणाली. "नळीत तेल असलं की छर्रे भरकटतात. दहाएक छर्रे तेल पुसून नेतात, मग नेम बसतो. आणि हे घडतं फक्त रायफल घरी राहिल्याच्या दुसऱ्या दिवशी. कपाटाच्या चावीचा इथे संबंधच नाही. दुनळीला तेल लागतं, हिला नळीत चालत नाही. बरोबर ना, धर्मराज?"

धर्मराजांनी मान डोलावली. "पोरीची बंदूक कोरडी दिसली. ती झोपल्यावर दोन थेंब सोडायचो. गंज चढंल म्हणून."

शालू बाहेर प्रितमकडे गेली.

"माझं चुकलं."

"सगळ्यांसमोर बोललीस तू," प्रितम म्हणाली.

शालूने सगळ्यांना हाका मारल्या आणि तेच पुन्हा, मोठ्याने सांगितलं. देवानंदांनी यादीत नाव परत लिहिलं.

दोघींचं जमलं की नाही, ते राधेश्यामला काही कळलं नाही. प्रितमने मात्र आपली रायफल काढली आणि शालूशेजारच्या जागेवर जाऊन उभी राहिली.