इंटरकॉमवरचा संकल्प

“बाबा, आज कढी करू की सार?” तिसऱ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरातून मी इंटरकॉममध्ये विचारलं.

“कढी चालेल... पण मी बाबा नाही,” खालून भलताच आवाज आला. “मी देवव्रत. दुरुस्तीला आलोय.”

आमची ओळख झाली ती अशी.

काशीतल्या रामघाटावरचं आमचं घर म्हणजे एकावर एक चढलेल्या खोल्या. सगळ्यात खाली बाबा यजमानांचे अभिषेक करतात. त्या जाड भिंतींपुढे मोबाईल हात टेकतो, म्हणून आजोबांच्या वेळचा इंटरकॉमचा पिवळट डबा अजून भिंतीवर आहे. सोवळ्यात असले की बाबा त्याचं बटण चंदनाच्या खोडानं दाबतात. हल्ली ते अडकून बसायचं आणि खालचे मंत्र थेट माझ्या फोडणीत यायचे.

देवव्रत मंगला गौरीच्या देवळाजवळच्या वैदिकांचा मुलगा, विद्यापीठात इलेक्ट्रॉनिक्स शिकलेला. असले जुने डबे उघडायचा त्याला नादच होता.

“लाइन तपासायचीय, बोलत राहा,” तो म्हणाला.

“काय बोलू?”

“काहीही. कुछ भी सुनाओ... तुमचा आवाज छान येतो.”

दुसऱ्या दिवशी लाइन चांगली होती, तरी तपासणी तासभर चालली. ‘तुम्ही’चं ‘तू’ झालं. माझी कढी फाटली.

तिसऱ्या दिवशी तो वायर बदलायला वर आला. बटण पुन्हा अडकलं होतं, खालून बाबांचा संकल्प ऐकू येत होता. आणि हा बोलता बोलता एकदम गप्प. चहाही घेतला नाही.

“शुक्रवारी काम संपवतो, अवनीजी.”

अवनीजी? सकाळपर्यंत तर मी नुसती अवनी होते.

पुढचे दोन दिवस मी डाळ निवडली, पुन्हा निवडली, गच्चीवर गेले, पावसात भिजून खाली आले. शनिवारी नागपूरची मंडळी मला बघायला येणार होती. नाही म्हणायचं तर त्याआधीच, पण कुणाच्या जोरावर? ज्याच्यासाठी म्हणायचं त्यानंच तोंड फिरवलेलं. मला त्याचा भयंकर राग आला होता, आणि तो आवडत होता हे त्याहून भयंकर.

शुक्रवारी डबा किरकिरला. “शेवटची तपासणी. बोला.”

“नाही बोलत. आधी सांग, माझं काय चुकलं?”

डबा खरखरला.

“तुझं काही नाही. आपण सगोत्र आहोत, अवनी. त्या दिवशी तुझ्या बाबांचा संकल्प ऐकला ना मी... काश्यप म्हणाले. आम्हीही काश्यप. आमच्या घरी सगोत्र म्हणजे भाऊ-बहीण. मग काय करणार होतो मी?”

मला आधी हसू आलं, मग रडू.

“अरे गाढवा, ते यजमानाचं गोत्र. त्यालाही ते ठाऊक नव्हतं, म्हणून बाबांनी काश्यप लावलं. माहीत नसलं की तेच लावतात. वैदिकाच्या मुलाला एवढं कळू नये? आम्ही वासिष्ठ.”

“वासिष्ठ?... पक्का?”

“पक्का.”

“मग विचारतो तुझ्या बाबांना. ते स्नान करून आलेत, दारातच आहेत.”

“आणि मला नाही विचारायचं?”

“तुलाच तर विचारतोय...”

“हो,” मी म्हणाले. नेमका तेव्हाच डबा बंद पडला.

त्याला ऐकू गेलं की नाही? मी तिन्ही मजले धावत उतरले. खाली बाबा ओल्या धोतरात उभे होते आणि समोर देवव्रत, हातात स्क्रूड्रायव्हर, चेहरा पांढराफटक.

“दोघंही लांब उभे राहा, मला शिवू नका,” बाबा म्हणाले. मग माझ्याकडे वळले. “हा म्हणतोय, तुझ्याशी लग्न करायचंय. नागपूरकरांना काय सांगू?”

“येऊ नका म्हणून सांगा,” मी म्हणाले. “मला हा हवाय.”

बाबांनी देवव्रतला नीट न्याहाळलं. “संध्याकाळी वडिलांना घेऊन ये,” एवढंच म्हणून ते देवाकडे वळले.

सोवळ्यात बाबा होते, आम्ही दोघं नव्हतो. मी त्याचा हात धरला.