व्हर्ना सह्या वाचते

माझं जुन्या कागदपत्रांचं दुकान आहे, आणि त्या दुपारी मी एका संग्रहाची नुसती किंमत करायला गेले होते. हिवाळ्यात आमच्या पेनसिल्व्हेनियात अशी कामं बरीच निघतात. म्हातारी माणसं मुलांकडे राहायला जातात आणि कपाटं रिकामी करतात.

एलवुड स्टॉफर माझं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. अमेरिकेतल्या अगदी सुरुवातीच्या कंपन्यांची, म्हणजे कालव्यांच्या, पुलांच्या, टोलरस्त्यांच्या कंपन्यांची शेअर सर्टिफिकेटं जमवण्यात त्यांचा जन्म गेला. कंपन्या कधीच बुडाल्या. कागद तेवढे उरले, आणि खाली अध्यक्षांच्या तपकिरी पडलेल्या सह्या. शेअर रद्द करताना कारकून सहीवरच कात्री चालवत. एलवुडना मात्र न कापलेली सही लागे.

त्यांचे डोळे गेल्यावर बायको, व्हर्ना, रोज शेजारी बसून एकेक सही वाचून दाखवायची. ती नाव वाचून थांबायची, ते "बरं, पुढचं" म्हणायचे, मगच पान उलटायचं. मी कितीदा तरी ते ऐकत त्यांच्या टेबलापाशी कॉफी प्यायले असेन. आदल्या हिवाळ्यात व्हर्ना वारली.

"सगळं घेऊन जा, लेओना," एलवुड म्हणाले. "मी लेकीकडे ओहायोला निघालोय."

"सगळं? अहो, तो पुलाच्या कंपनीचा कागद मेल्याशिवाय देणार नव्हता ना तुम्ही मला!"

"मेलोच की. पुरायचा तेवढा राहिलोय." ते हसले, आणि हसू तिथेच विरलं. "वर्षभर वाट बघितली गं. म्हटलं, घरात कुठेतरी असेलच ती. माझे कान अजून तिखट आहेत, छपरावरून बर्फ घसरला तरी कळतं मला. पण तिची काही चाहूल नाही. मग राहू कशाला इथे?"

नदीवरून धुकं वर येत होतं. मी दिवा लावला आणि पहिला आल्बम उघडला. ओल्या लोकरीसारखा, जुन्या कागदाचा वास आला. सहीचं अक्षर लागेना म्हणून मी वाकले, तोच एलवुडच्या खुर्चीमागून कोणीतरी ती वाचली.

"जोशाया पेनीपॅकर... अध्यक्ष."

सावकाश, जरासा घोगरा आवाज. व्हर्नाचा.

मी मान वर केली. खुर्चीमागे कोणी नव्हतं. एलवुड शांतपणे कॉफीवर फुंकर घालत होते.

माझ्या हातून पान उलटलं.

"इबेनेझर क्रॉल... अध्यक्ष." मग शांतता. वाट पाहणारी. पुन्हा तेच नाव, आता जरा मोठ्यानं. मग अगदी हळू, "एलवुड... ऐकतोयस ना?"

मी टेबलावरून पुढे झुकले. "एलवुड... ती इथे आहे. तुमच्या मागे."

ते धडपडत उठले, कॉफी सांडली. दोन्ही हात पुढे करून त्यांनी खुर्चीमागची हवा चाचपली. "व्हर्ना? व्हर्ना, अगं मी आहे! काय म्हणतेय ती?"

"हाक मारतेय तुम्हाला."

"सांग तिला, मी ऐकतोय म्हणावं!"

मी सांगितलं, पुन्हा ओरडून सांगितलं. तिला ना माझा आवाज पोचत होता, ना त्यांचा.

"एलवुड... रागावलास का माझ्यावर?"

"आता काय म्हणाली?"

"म्हणाली... बरं आहे म्हणून."

"खोटं. जन्मात कधी बरं आहे म्हणाली नाही ती." त्यांनी माझं मनगट धरलं. "खरं सांग, पोरी."

मी सांगितलं. ते खाली बसले आणि लहान मुलासारखे रडले. "मी? रागावेन मी तिच्यावर?"

मग आम्ही शेवटपर्यंत पानं उलटली. ती नाव वाचून थांबली की मी त्यांच्या हाताला स्पर्श करायची. ते म्हणायचे, "बरं, पुढचं." तिला ते ऐकू येत नव्हतं. प्रत्येक नावानंतर तिचा आवाज जास्तच कापत गेला. अखेरच्या पानानंतर तो बंद झाला.

मी काहीही न घेता परतले. एलवुड ओहायोला गेलेच नाहीत. बर्फ वितळायच्या आत ते त्याच खुर्चीत गेले. लेकीनं आल्बम माझ्याकडे पाठवले. दुकानात एकटी असताना मी पानन् पान उलटून कान लावला. काही नाही. मला हायसं वाटलं. म्हटलं, भेटली असतील एकमेकांना.

परवा एक अनोळखी बाई दुकानात आली. पहिला आल्बम तिनं उघडला आणि दचकून मागे पाहिलं.

"मागे कोण आजोबा आहेत?"

"कोणी नाही. का?"

"बोलतायत की. एकच परत परत... 'रागावलो नाही गं... नाही रागावलो...' " तिनं माझ्याकडे पाहिलं. "कोणाला सांगतायत? ओ का देत नाही ती त्यांना?"

मी श्वास रोखून ऐकलं. मला काहीच ऐकू आलं नाही.